पबजीचा नाद आणि खरा राग: गेममुळे पोरं हिंसक होतात का?

सप्टेंबर २०१९ मध्ये बेळगावजवळच्या काकती गावातून एक बातमी आली. मोबाइलवर पबजी खेळण्यावरून घरात वाद झाला आणि एका तरुण मुलाने स्वतःच्या वडिलांचा खून केला. कोल्हापूरकरांसाठी काकती काही लांबचं गाव नाही. पुणे-बेंगळुरू हायवेने बेळगावला निघालं की शहर यायच्या आधी रस्त्यालगतच ते लागतं. त्यामुळे ही बातमी आपल्याकडे 'कुठेतरी घडलेली' अशी वाचली गेली नाही. ती शेजारची होती.

देशभरातल्या मथळ्यांचा सूर एकच होता: पबजीने जीव घेतला. त्यानंतर ज्या ज्या घरात पोरगा हेडफोन लावून 'एनिमी अहेड' ओरडत होता, त्या प्रत्येक घरात आईबापाच्या पोटात गोळा आला. तो स्वाभाविकच होता. आणि पोरांचं उत्तरही ठरलेलं होतं: 'आम्ही पण खेळतो की, आम्ही कुठं कुणाला मारलं?'

हा वाद आजही तसाच चालू आहे. फक्त गेमचं नाव बदलतं. पबजी गेलं, बीजीएमआय आलं. फ्री फायर गेलं, फ्री फायर मॅक्स राहिलं. मी स्वतः बीजीएमआय खेळतो, रँक पुशही करतो. त्यामुळे मला या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं यावं असं वाटणं साहजिक आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणूनच स्वतःच्या अनुभवावर न जाता, संशोधनात काय सापडलंय ते नीट बघूया. उत्तर ना आईबापाच्या बाजूचं पूर्ण आहे, ना आपल्या.

आधी प्रश्न नीट विचारूया

'गेममुळे मुलं बिघडतात का?' या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न कोंबलेले असतात.

पहिला: हिंसक गेम खेळून माणूस चिडचिडा होतो का? म्हणजे आवाज चढवणं, उलट बोलणं, भावाला ढकलणं.

दुसरा: हिंसक गेम खेळून माणूस गुन्हा करतो का? म्हणजे मारहाण, चाकू, खून.

तिसरा: गेमचा नाद इतका लागतो का, की अभ्यास, झोप, नोकरी, घरातली माणसं सगळं मागे पडतं?

काकतीच्या बातमीत हे तिन्ही प्रश्न एकत्र आले होते, आणि मथळ्यांनी त्यातल्या दुसऱ्याचंच उत्तर देऊन टाकलं. प्रत्यक्षात तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. ती मिसळली की गोंधळ होतो आणि चुकीच्या गोष्टीवर उपाय केला जातो.

राग मोजायचा कसा? कोल्हापुरी अडचण

संशोधकांपुढची पहिली पंचाईत अशी, की प्रयोगासाठी कुणाला मारामारी करायला लावता येत नाही. मग रागाच्या जागी दुसरं काहीतरी मोजावं लागतं.

एक पद्धत आवाजाची आहे. तुम्हाला सांगतात की शेजारच्या खोलीत तुमचा प्रतिस्पर्धी बसलाय. तुम्ही जिंकलात की त्याच्या कानात कर्कश आवाज सोडायचा. किती मोठा आणि किती वेळ, ते तुम्ही ठरवायचं. हिंसक गेम खेळून आलेल्यांनी जास्त मोठा आवाज सोडला, की म्हणायचं आक्रमकता वाढली. यात गोम अशी, की आवाजाची पातळी धरायची, का वेळ धरायचा, का दोन्हींचा गुणाकार, हे संशोधकच ठरवतो. २०१४ मध्ये जर्मनीतल्या माल्टे एल्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तोच डेटा वेगवेगळ्या पद्धतीने मोजला तर निष्कर्षही वेगवेगळे निघतात.

दुसरी पद्धत तिखट सॉसची. समोरच्या माणसाला तिखट आवडत नाही असं तुम्हाला आधी सांगतात आणि मग त्याच्यासाठी सॉस वाढायला लावतात. जितकं जास्त तिखट वाढाल तितके तुम्ही आक्रमक! आता हा प्रयोग कोल्हापुरात केला तर काय होईल? पाहुण्याने 'नको, तिखट लागतंय' म्हटल्यावर आपण तांबड्या रश्श्याची अजून एक वाटी पुढे सरकवतो. त्याला आपण पाहुणचार म्हणतो.

गंमत सोडा, मुद्दा गंभीर आहे. प्रयोगशाळेत पंधरा-वीस मिनिटं गेम खेळवून लगेच सॉस किंवा आवाज मोजणं आणि घरात किंवा रस्त्यावर होणारी खरी हिंसा यांच्यात फार मोठं अंतर आहे. सुरुवातीच्या बऱ्याच प्रयोगांवरून जे मोठमोठे दावे झाले, ते या अंतरावरून उडी मारून झाले.

मग वर्षानुवर्षं मुलांवर लक्ष ठेवलं तर?

ही पद्धत जास्त भरवशाची. आज मुलांना विचारायचं की कुठले गेम खेळता, किती भांडता. मग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा विचारायचं.

अशा २४ अभ्यासांचा एकत्रित हिशोब २०१८ मध्ये अमेरिकेत मांडला गेला. त्यात १७ हजारांहून जास्त मुलं-मुली होत्या. निष्कर्ष असा निघाला, की हिंसक गेम खेळणाऱ्यांमध्ये पुढे जाऊन मारामारीसारखं वागणं थोडं जास्त दिसतं. मूल आधीपासूनच भांडखोर होतं का, ही गोष्ट हिशोबात धरल्यावरही संबंध उरतो. पण किती? शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, अशी पट्टी डोळ्यांसमोर आणा. त्या पट्टीवर हा आकडा साधारण ०.०८ येतो. सोप्या भाषेत सांगायचं तर मुलामुलांच्या भांडखोरपणात जो फरक असतो, त्यातला शंभरातला एक हिस्साही गेममुळे समजावून सांगता येत नाही. उरलेला सगळा दुसऱ्या कशाकशातून येतो.

म्हणजे परिणाम शून्य नाही. तो अगदी छोटा आहे. 'काहीच होत नाही' असं छाती ठोकून सांगणाऱ्या गेमरने हे लक्षात ठेवायला हवं.

२०१९ मध्ये ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या अँड्र्यू प्रशिबिल्स्की यांनी ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या १,००४ मुलांचा अभ्यास केला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, गेम हिंसक आहे की नाही हे मुलांना न विचारता त्या गेमच्या अधिकृत रेटिंगवरून ठरवलं. दोन, मूल किती आक्रमक वागतं हे त्याच्या आईवडिलांना किंवा पालकांना विचारलं. शिवाय डेटा कसा मोजणार ते अभ्यासाआधीच जाहीर करून टाकलं, म्हणजे नंतर सोयीचा निष्कर्ष निवडायची सोयच नाही. त्यांना हिंसक गेम आणि आक्रमकता यांच्यात संबंध सापडला नाही.

अजून एक अभ्यास २०१८ मधला, जर्मनीचा. मोठ्या माणसांच्या एका गटाने दोन महिने रोज जीटीए ५ खेळायचा, दुसऱ्या गटाने द सिम्स ३ हा घर-संसाराचा शांत गेम, आणि तिसऱ्याने काहीच नाही. जीटीए म्हणजे गाड्या पळवणं, गोळ्या घालणं, पोलिसांना चुकवणं. दोन महिन्यांनी आक्रमकता, सहानुभूती, चिडचिड अशा बऱ्याच गोष्टी तपासल्या. गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. हा अभ्यास मोठ्यांवरचा आहे, तो जसाच्या तसा बारा वर्षांच्या पोराला लावता येणार नाही, एवढं भान ठेवायचं.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या सगळ्यात मोठ्या संघटनेने २०१५ मध्ये हिंसक गेम आणि आक्रमकता यांचा संबंध आहे असं म्हटलं होतं. त्यावर बरीच टीका झाली. २०२० मध्ये त्यांनी आपलं म्हणणं जास्त नेमकं केलं: ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी छोटा पण पुन्हा पुन्हा दिसणारा संबंध आहे; खऱ्या हिंसेचं खापर गेमवर फोडायला मात्र पुरेसा आधार नाही. आणि तसं केलं तर हिंसेच्या खऱ्या कारणांकडे दुर्लक्ष होतं, उदाहरणार्थ त्या माणसाने आधी केलेली हिंसा.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, पण थोडंसं. दुसऱ्याचं उत्तर: पुरावा नाही.

'आम्ही कुठं कुणाला मारलं?' हा युक्तिवाद पुरेसा आहे का?

बीजीएमआय भारतात आल्यावर पहिल्या वर्षभरातच दहा कोटी लोकांनी नोंदणी केल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. एवढे लोक बंदुकीचा गेम खेळतायत आणि खून करणारा लाखात एकही नाही, मग गेम निर्दोष, असं आपण म्हणतो.

ऐकायला बरं वाटतं, पण हा युक्तिवाद एकटा उभा राहत नाही. गुटखा खाणाऱ्या प्रत्येकाला कॅन्सर होत नाही, म्हणून गुटखा निर्दोष ठरतो का? गुटख्याच्या बाबतीत खाणारे आणि न खाणारे यांची तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो. गेमच्या बाबतीत अशीच तुलना केली की वर सांगितलेला ०.०८ सारखा फरक दिसतो, किंवा दिसतच नाही. जपान आणि दक्षिण कोरियात गेम प्रचंड खेळले जातात आणि तिथे खुनांचं प्रमाण जगात सगळ्यात कमी असलेल्या देशांमध्ये मोजलं जातं. आपला बचाव करायचा तर असा, तुलनेने करावा. 'मी नाही केलं' एवढ्याने भागत नाही.

राग येतो, पण बंदुकीमुळे नाही

आता खरं बोलूया. गेम खेळताना राग येतो. लई येतो. शेवटच्या सर्कलमध्ये तुम्ही दोघंच उरलाय, चिकन डिनर समोर दिसतंय, आणि बरोब्बर तेव्हा नेट अडकतं. पिंग लाल होतो, स्क्रीन थांबते, पुन्हा सुरू होते तेव्हा तुम्ही लॉबीत. त्या क्षणी आईने हाक मारली तर तिला जे उत्तर मिळतं ते इथे लिहिण्यासारखं नसतं.

हा राग गोळ्या झाडल्यामुळे आला का? कॅनडातल्या पॉल अडाची आणि टीना विलोबी यांनी २०११ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांनी एक मारधाडीचा गेम आणि एक गाड्यांच्या शर्यतीचा गेम घेतला. दोन्ही सारखेच अवघड आणि सारखीच चुरस असलेले निवडले. खेळून झाल्यावर दोन्ही गटांच्या आक्रमकतेत फरक नव्हता. मग चुरस कमी-जास्त असलेले गेम घेऊन पाहिलं, तेव्हा फरक पडला तो चुरशीने. रक्त दिसतंय की टायर, याने नाही.

२०१४ मध्ये प्रशिबिल्स्की आणि सहकाऱ्यांनी तर टेट्रिस घेतला. वरून ठोकळे पडतात तो. त्यात ना माणूस, ना बंदूक. त्यांनी त्यातली एक आवृत्ती मुद्दाम खेळाडूची वाट लावणारी बनवली: नको तोच ठोकळा नेमका येणार. लोक चिडले. आपल्याला जमत नाहीये, आपल्या हातात काही नाहीये, ही भावना माणसाला तापवते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे आपल्याला परदेशी प्रोफेसरने सांगायची गरज नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना बघितलाय ना? फुटबॉलमध्ये कुणी कुणाला गोळ्या घालत नाही. तरी कोल्हापुरात सामन्यानंतर समर्थकांची हुल्लडबाजी आणि हाणामारी झाल्याच्या बातम्या आपण कितीदा वाचल्यात. पेठेची ईर्ष्या, हरल्याचा सल आणि भोवती जमलेला घोळका, एवढं पुरतं. उलट तालमीत बघा. तिथे तर समोरच्याला उचलून आपटणं हाच खेळ आहे. पण वस्ताद असतो, नियम असतात, कुस्ती संपली की हात मिळवावा लागतो आणि बाहेर मारामारी केली तर तालमीची वाट बंद होते. राग तिथेही येतो. त्याला आवर घालणारं कुणीतरी असतं.

मोबाइलच्या गेममध्ये चुरस आहे, ईर्ष्या आहे, व्हॉइस चॅटवर शिव्या आहेत. वस्ताद नाही. माझ्या मते खरा फरक इथे पडतो.

फोन हिसकावला जातो तो क्षण

आता काकतीसारख्या बातम्या पुन्हा नीट वाचा. त्यांच्यात एक साम्य आहे. हिंसा गेम खेळताना होत नाही. ती गेम *थांबवला* जातो तेव्हा होते. फोन काढून घेतला, नेट पॅक मारायला पैसे दिले नाहीत, सगळ्यांसमोर बोलले. म्हणजे आपण पहिल्या दोन प्रश्नांतून तिसऱ्या प्रश्नात आलो: नाद.

'नाद' हा आपला आवडता शब्द. नाद खुळा म्हणून आपण कौतुक करतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने एका प्रकारच्या नादाला आजार म्हणून जागा दिली आहे. त्यांच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, आणि ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खुणा तीन: खेळण्यावर स्वतःचा ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला वरचं स्थान मिळणं, आणि नुकसान होताना दिसत असूनही खेळत राहणं किंवा ते वाढवणं. हे साधारण वर्षभर चालू असावं आणि त्याने शिक्षण, काम, नाती यांचं खरंच नुकसान होत असावं, तर तो आजार. सुट्टीत आठ तास खेळलात म्हणून तुम्ही आजारी ठरत नाही.

या व्याख्येत एक गोष्ट बघा. गेम हिंसक असावा अशी अटच नाही. पत्त्यांचा गेम, कँडी फोडायचा गेम, काहीही चालतं. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून 'शट क्लिनिक' चालतं, अशाच लोकांसाठी. तंत्रज्ञानाच्या व्यसनासाठीचं हे देशातलं पहिलं क्लिनिक. अशा ठिकाणी मोठा प्रश्न असतो तो गेमच्या मागे काय दडलंय याचा: नैराश्य, नापास होण्याची लाज, एकटेपणा, घरातली भांडणं. कधी गेममुळे हे वाढतं, कधी यापासून पळायला माणूस गेममध्ये शिरतो, आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्र चालतं.

काकतीच्या प्रकरणातही खुनाच्या आधी त्या मुलाच्या वागण्याबद्दल शेजाऱ्यांनी पोलिसांकडे तक्रार केल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. म्हणजे धोक्याची घंटा आधी वाजली होती. 'पबजीने जीव घेतला' असा मथळा आला की ही घंटा ऐकूच येत नाही. सगळे फोनकडे बघतात, माणसाकडे कुणी बघत नाही. पुढच्या वेळी दुसऱ्या घरात अशीच घंटा वाजेल तेव्हा तिथले लोक म्हणतील, 'आमचा कुठं पबजी खेळतो!' मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

बंदी घालून बघितली की

मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि गेम खेळताना सापडले म्हणून तरुणांना अटकही केली. त्यात कॉलेजचे विद्यार्थी होते. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात बंदीसाठी जनहित याचिका आली, आणि न्यायालयाने केंद्र सरकारला गेममधला मजकूर तपासायला सांगितलं.

शेवटी देशभर बंदी आली ती २ सप्टेंबर २०२० रोजी. पण कारण हिंसा नव्हतं. गलवानच्या संघर्षानंतर देशाची सुरक्षा आणि लोकांचा डेटा या कारणावरून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ११८ अ‍ॅप एका फटक्यात बंद झाले, त्यात पबजी मोबाइल होता. जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय या नावाने परत आला. जुलै २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. परत येताना १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. रक्ताचा रंग हिरवा ठेवायचीही सोय आहे. वरचं संशोधन वाचल्यावर तुम्हीच सांगा, या दोनपैकी कामाची गोष्ट कोणती? माझ्या मते तीन तासांची. फक्त ती मर्यादा खोटं वय टाकून ओलांडता येते, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेला ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदाही बघा. त्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. सरकारची चिंता बंदुकीपेक्षा पैशाची होती, आणि ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने पबजीसाठी आईच्या खात्यातून दहा लाख रुपये उडवले आणि घरचे रागावल्यावर तो घर सोडून गेला. पोलिसांनी त्याला शोधून परत आणलं. त्या घराचं जे नुकसान झालं, ते गोळ्यांमुळे नाही, खिशातून गेलेल्या पैशांमुळे.

आणि 'ब्लू व्हेल' आठवतंय? २०१७ मध्ये मुंबईपासून सोलापूरपर्यंत त्याची दहशत होती. शाळांनी पालकांना सूचना पाठवल्या होत्या. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमून प्रकरणं तपासली. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत सांगितलं की एकाही प्रकरणात ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध झाला नाही. दहशतीची बातमी पहिल्या पानावर आली होती. हे उत्तर किती जणांनी वाचलं?

फोनमधून हिंसा येते, पण दुसऱ्या दाराने

७ जून २०२३ कोल्हापूरकर विसरणार नाहीत. आदल्या दिवशी काही जणांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून तणाव वाढला. बंदची हाक, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर. शाहू महाराजांच्या शहरात इंटरनेट बंद करायची वेळ आली.

यात कुठलाही गेम नव्हता. होतं ते व्हॉट्सअ‍ॅप, आणि फॉरवर्ड करणारे आपले अंगठे.

गेममध्ये शत्रूवर गोळी झाडताना तुमच्या मेंदूला पक्कं माहीत असतं की हे खोटं आहे. मॅच संपली की तोच 'शत्रू' पुढच्या मॅचला तुमच्या स्क्वॉडमध्ये असतो. पण ग्रुपवर आलेला व्हिडिओ 'हे खरं आहे, आपल्या लोकांवर झालंय, आता गप्प बसू नका' असं सांगत येतो. तो खरा मानूनच आपण बघतो. तलवारीने केक कापणाऱ्या 'भाई'च्या रीलचंही तसंच. ते पात्र नाही, आपल्याच गल्लीतला ओळखीचा माणूस आहे, आणि त्याला मिळणारे लाइक खरे आहेत. पोरांनी काय बघावं याची काळजी असेल तर माझ्या मते आधी याची करावी.

मग आपण करायचं काय?

उपदेश नको, कामाच्या चार गोष्टी सांगतो.

*घरच्यांना मॅचचं गणित समजावा.* क्लासिक मॅच साधारण अर्ध्या तासाची असते आणि मध्ये सोडली तर टीमचं नुकसान होतं. हे त्यांना माहीतच नसतं. 'आत्ताच्या आत्ता बंद कर'च्या जागी 'ही शेवटची मॅच' असं दोघांनी आधी ठरवलं तर रोजची निम्मी भांडणं मिटतात. मात्र शेवटची म्हणजे शेवटची.

*हरल्यावर लगेच पुढची मॅच लावू नका.* सगळ्यात वाईट खेळ आणि सगळ्यात घाण शिव्या तेव्हाच निघतात. दोन मॅच ओळीने हरलात की उठायचं, पाणी प्यायचं.

*अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडा.* प्रत्येक अ‍ॅपला दिवसाचा किती वेळ गेला ते दिसतं, टायमरही लावता येतो. एकदा आठवड्याचा आकडा बघाच. धाकट्या भावंडाचा फोन असेल तर 'फॅमिली लिंक' लावा, आणि पेमेंटला पिन ठेवा. पिन त्याला सांगू नका.

*खुणा ओळखा.* मित्र रात्रभर खेळतोय, कॉलेज सोडलंय, जेवण-झोपेचा पत्ता नाही, फोन घेतला की वस्तू फेकतो, घरच्यांवर हात उगारतो, किंवा 'जगून काय उपयोग' असं बोलतो, तर तो 'नाद खुळा' नाही. त्याच्याशी बोला, त्याच्या घरच्या कुणाशी तरी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. आणि हात उगारण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर लाज न बाळगता ११२ लावा.

आईवडिलांसाठी एकच विनंती. फोन हिसकावून घेण्याआधी पोरगा काय खेळतो ते एकदा शेजारी बसून बघा. गोळ्यांचा आवाज ऐकून घाबरू नका. तो कुणाबरोबर बोलतोय, किती पैसे घालतोय, रात्री किती वाजता झोपतोय आणि हरल्यावर कसा वागतोय, याकडे लक्ष द्या. तालमीत पोरगं घातलं तर वस्ताद कोण आहे ते आपण विचारतो ना? इथे दुसरं कुणी नाही. ते काम घरच्यांनाच करावं लागेल, किंवा मग आपल्यातल्या थोरल्या पोरांनी, आपापल्या स्क्वॉडमधल्या धाकट्यांसाठी.